दोन पडद्यांचा काटा

मशीन मेलं असं कोणी सांगितलं की मला आधी राग येतो. वाईट वाटणं नंतर, फुरसत असली तर. मशीन असं मरत नसतं हो. त्याचा एखादा सांधा सुटतो, एखादी बॅटरी पाझरते, कुठं धूळ बसते, आणि माणसं लगेच तिरडी बांधायला धावतात. रिसोडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत अशी 'मेलेली' मशीनं भिंतीला लावून रचलेली आहेत: मळकट पिवळ्या डब्यांची, पोट सुटलेल्या पडद्यांची, खटखट वाजणाऱ्या जाड बटणांची. त्यातलं कोणतंही काढा, टेबलावर ठेवा आणि मला एक दुपार द्या. नाही सुरू केलं तर दुकानाला कुलूप लावून आईसारखी माळवं विकायला बसेन.

आई खरंच माळवं विकायची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे वावरात येईल ते टोपलीत घालून रिसोडच्या बाजारात. गिऱ्हाईक लांबूनच वांग्याला नावं ठेवायला लागलं की ती म्हणायची, "आदी हात लाव, मंग बोल." मी पुढं जेवढ्या क्लासांना गेले, त्यातल्या कुठल्याच सरांनी याच्यावरचं काही शिकवलं नाही.

मी ज्या क्लासात कॉम्प्युटर शिकले, तिथं सगळी मशीनं एका काळ्या जाड वायरीनं एकमेकांना जोडलेली होती. आजच्यासारखं प्रत्येकाचं वेगळं कनेक्शन नाही. एकच वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये प्रत्येक मशीनपाशी लोखंडी सांधा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. कोणाचा पाय लागून एक सांधा हलला की अख्खी रांग बंद. सर डोक्याला हात लावायचे, पोरं पळायची चहाला, आणि मी टेबलांखालून रांगत जायची. तिथंच मला कळलं की वायरीच्या दोन्ही टोकांना जी बोटभर टोपी असते, तीच खरी शहाणी. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना? तसं टोकाला पोचलेलं बोलणं परत फिरलं, तर पुढच्या बोलण्यात मिसळतं आणि कोणालाच काही कळत नाही. टोपी ते बोलणं गिळून टाकते. दिसायला काहीच काम नाही, आणि ती नसली तर सगळ्यांचं काम बंद. मला त्या टोपीचं फार कौतुक वाटायचं. घरात आईचं तसंच होतं.

आता सांगायचं ते काट्याचं.

रिसोडहून केनवडकडे जाताना रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे. ट्रॉली काट्यावर चढते, केबिनमधल्या जुन्या मशीनच्या पडद्यावर वजन उमटतं, आणि करकर करत पावती निघते. असे काटे पुष्कळ. पण या काट्याला दोन पडदे आहेत. एक केबिनमध्ये, जिथं शेतकरी उभा राहतो. दुसरा अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडात, जिथं घेणारा व्यापारी बसतो. दोघांमध्ये तीच ती काळी वायर. आकडा एकाच क्षणी दोघांना दिसतो. कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी वाकून बघायचं नाही. काट्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी ही रीत पाडली होती. वायर टाकायला मीच गेले होते, तेव्हा म्हणाले होते, "दोघाईच्या डोयासमोर एक आकडा आला, का भांडनाले जागाच राह्यत नाई." आणि खरंच, सोयाबीनच्या हंगामात जिथं दोन माणसं वजनावरून हमरीतुमरीवर येतात, तिथं या काट्यावर लोक शांतपणे बिडी ओढत बसायचे. पावतीपेक्षा त्या दोन पडद्यांवर त्यांचा भरवसा.

मशीनं बदला असं काकांना कितीक जणांनी सांगितलं. ते मला विचारायचे. मी म्हणायची, चालतंय ना? मग कायले हात लावता? त्यातला प्रोग्राम ज्यानं लिहिला तो माणूस कधीचाच कुठं गेला, आणि तो प्रोग्राम याच मशीनवर चालतो. सुटे भाग माझ्याकडे. काका दर महिन्याला वायरीचे सांधे उघडून कोरड्या फडक्यानं पुसायचे, आणि मावशींनाही, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी ते शिकवलं होतं. दुपारी काका जेवायला गेले की केबिनमध्ये मावशी बसायच्या. पावती काढायची त्यांची ऐट बघण्यासारखी होती.

काका उन्हाळ्यात गेले. त्यानंतर काटा मावशीच चालवायच्या.

यंदा दसरा झाला आणि दोन दिवसांनी मावशी माझ्या दुकानात आल्या. जीपमधून उतरून तशाच आल्या असाव्यात, डोक्यावर पदर, हातात पिशवी. स्टुलावर बसल्या. पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं.

"पोरी, शेडातला पडदा आंधया झाला," त्या म्हणाल्या. "आन् भाऊजी म्हन्तात, माह्या हातानं झाला."

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे खांडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. वखर, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, आणि आता कॉम्प्युटरही. काट्याची पूजा दरवर्षी काका करत. यंदा घरात करणारं कोणी नव्हतं. एकुलती एक मुलगी सासरी. दीर आपल्या घरच्या ट्रॅक्टरच्या पूजेत. "म्या म्हटलं, आज काटा उपाशी राह्यला नाई पाह्यजे. आंगोय केली, हयद-कुकू कालवलं, आन् केली पूजा. दुसऱ्या दिवशी सकायी पाह्यते तं शेडात आकडाच नाई."

"बरं, मग?"

"मंग काय. भाऊजीनं समद्याईसमोर म्हटलं, कपाय पांढरं झालेल्या बाईनं हयद-कुकवाले हात लावला, मंग दुसरं काय होईन? आता म्हन्तात, काटा मी पाह्यतो, वयनी, तुमी घरी बसा. जागा दोघा भावाची सामाईक हाय. भाऊबंदबी त्याइच्याच बाजूनं." मावशींनी ग्लास खाली ठेवला. "घरी बसून म्या कोनाचं वजन करू?"

मला सांगताना अजूनही तिडीक येते. मी शटर अर्ध्यावर ओढलं, पेटी घेतली, मावशींना स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाले. रस्ताभर मी बडबडत होते.

काट्यावर पोचलो तर रस्त्याच्या कडेनं सोयाबीनच्या ट्रॉल्या लागलेल्या. पण काट्यावर कोणी चढेना. शेतकरी म्हणत होते, एकाच पडद्यावर कायले मोजायचं? व्यापारी म्हणत होते, केबिनमध्ये काय दिसतं ते आम्हाला काय ठाऊक? जो काटा भांडण मिटवायचा, त्याच्यावरच कुजबुज सुरू झाली होती. शेडात खुर्ची टाकून मावशींचे दीर बसले होते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. मला बघून उठले, चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली.

"बाई, उगाच दगदग केली तुमी," ते म्हणाले. "मशीनचा दोष नाई हा. दादा गेल्यापासून समदंच उलटं चालू हाय. दादाचं नाव राह्यलं पाह्यजे, बस. लोक दुसऱ्या काट्यावर गेले तं मंग का रडत बसाव?"

आवाजात खरोखर काळजी होती. त्याचाच मला जास्त वैताग आला. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं.

"भाऊ, आधी हात लावू द्या. मग बोलू," मी म्हणाले आणि कामाला लागले.

केबिनमधलं मशीन ठणठणीत. काट्यावर एक ट्रॉली चढवायला लावली, आकडा बरोबर आला. शेडातलं मशीनही चालू होत होतं, फक्त आकड्याच्या जागी रिकामी चौकट. म्हणजे दोन्ही मशीनं जिवंत, मधलं बोलणं बंद. मी केबिनमधला सांधा सोडवून मीटर लावला. अशा वायरीला दोन्ही टोकांच्या टोप्या मिळून एक ठरलेला आकडा दाखवतात. मला मिळाला त्याच्या बरोबर दुप्पट. याचा अर्थ एकच: इथून बघितलं तर पलीकडची टोपी दिसतच नाही. शेडाकडची बाजू कुठंतरी तुटलेली. मनात म्हटलं, उंदीर. अंगणाखालून नळीतून वायर गेलेली, गोदामात उंदीर मातलेले. कुरतडली असणार.

उंदीर असता तर किती बरं झालं असतं. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, साबूत. शेडातली टोपी काढून मोजली, साबूत. उरला तो फक्त शेडातल्या मशीनमागचा सांधा. मी तो फिरवून काढला आणि उजेडात धरला.

आत पिवळं होतं. ज्या बारीक भोकात वायरीची सुई बसते, ते भोक हळदीनं गच्च भरलेलं. वर कुंकवाचा लाल थर. वाळून कडक झालेलं.

मी मान वर केली तर मावशी मागंच उभ्या होत्या. त्यांनी बघितलं होतं.

"थे होते तवा वरूनच हयदी-कुकवाचा टिया लावत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "डब्याच्या टायक्यावर. मले वाटलं, जथून आकडा जाते थो भाग उपाशी कायले ठेवा? त्याइनं खोलाले शिकवलंच होतं. खोललं, हयद भरली, कुकू लावलं, आन् परत बसवलं. केबिनमंदला भितीले चिकटेल हाय, तथी हात नाई पोचला." मग म्हणाल्या, "म्हंजे भाऊजी बरोबरच म्हन्तात. माह्याच हातानं झालं."

मला रडू आलं. लपवायचं काय त्यात. त्या बाईनं मशीनच्या अगदी आतपर्यंत माया पोचवायला बघितलं होतं, आणि तीच माया तिच्या गळ्याशी आली होती. क्षणभर वाटलं, सांधा खिशात घालावा, दुसरा बसवावा आणि मोठ्यानं ओरडून सांगावं, उंदरानं खाल्ली हो वायर! कोणी विचारणार नव्हतं. काटा सुरू झाला असता, मावशी खुर्चीत बसल्या असत्या. पण मग? उद्या बल्ब गेला, परवा ट्रॉली उलटली, की पुन्हा त्याच हाताकडे बोट. त्या स्वतःही आयुष्यभर आपल्या हाताकडे तसंच बघत राहिल्या असत्या. उंदरावर ढकलून हे मिटणारं नव्हतं.

"मावशी, हळद-कुंकवाची वाटी अजून आहे का?"

"देवापाशी हाय."

"आणा. पाणीपण आणा."

मी पेटीतून एक जुना पण स्वच्छ सांधा काढला, शेडातल्या मशीनला लावला, वायर जोडली, टोपी बसवली. काट्यावर ट्रॉली उभीच होती. रिकाम्या चौकटीत आकडा आला. केबिनमधून कोणीतरी तोच आकडा ओरडून सांगितला. शेडातले व्यापारी उठून उभे राहिले. दीरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि ते म्हणाले, "झालं ना? बस झालं मंग."

"नाही झालं," मी म्हणाले. "भाऊ, इकडं या." मी तोच चालता सांधा सगळ्यांदेखत परत काढला. चौकट रिकामी झाली. सांधा त्यांच्या तळहातावर ठेवला, हळद-कुंकवाची वाटी पुढं केली. "खांडेनवमीला तुमची पूजा राहिली होती. आता करा. या भोकात हळद भरा, वर कुंकू लावा. तुमच्या हातानं. तुमचा हात तर चांगला आहे ना?"

डोकं आहे माणसाला, लगेच उमगलं की मी काय करते आहे. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण ट्रॉल्यांवरून उतरून माणसं शेडाच्या दाराशी गोळा झाली होती, आणि एक व्यापारी हसत म्हणाला, "लावा ना भौ. देवाचंच काम हाय." त्यांनी पाण्यात कालवलेली हळद आगकाडीच्या टोकानं भरली. अगदी नीट, मन लावून. वर कुंकवाचं बोट टेकवलं. आणि नमस्कार केला, हेही सांगितलं पाहिजे. तो नमस्कार खोटा नव्हता.

सांधा मी शेडाबाहेरच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवला. दसऱ्यानंतरचं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय विचारता. चहा आला, तो पिऊन झाला, थोड्या गप्पा झाल्या, कोणाच्या वावरात किती उतारा आला ते सगळं निघालं. तोवर हळद वाळून टणक झाली.

"आता तुम्हीच बसवा," मी म्हणाले.

त्यांनी सांधा बसवला. वायर जोडली, टोपी फिरवली. ट्रॉली काट्यावर तशीच. केबिनमध्ये आकडा, आणि शेडात रिकामी चौकट. त्यांनी सांधा दाबून बघितला, फिरवून बघितला. चौकट रिकामीच.

आईनं शिकवलेलं तेवढं पुरेसं होतं, हात त्यांनी लावला होता. आता बोलायची पाळीही त्यांचीच.

त्यांनी वाकून सांधा परत काढला आणि भोकातली हळद नखानं खरवडून बघितली. मग सरळ झाले. "हयदीनं झालं," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, दारातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाताचं काई नाई. हयद आत गेली, म्हून झालं. कोनाच्याबी हातानं झालं असतं."

मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पदराचं टोक दातात धरलं होतं.

मी दोन्ही सांधे स्पिरिटमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशनं घासले, सुईनं भोकं साफ केली, फुंकर मारून कोरडे केले. त्यांचा मूळचा सांधा जागेवर लावला. मीटर लावून बघितला, ठरलेला आकडा जिथल्या तिथं. दोन्ही पडदे पुन्हा एकच बोलायला लागले. हे मला येतंच, त्यात मोठेपणा नाही. पण त्या दिवशी तो आकडा बघून जो आनंद झाला, तसा मोठमोठी मशीनं उठवूनही झाला नव्हता.

"मंग पूजा कराव का नाई?" दीरांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"करा ना. कोण नाही म्हणतं? दादा करत होते तशी करा, वरून."

ते वाटी हातात घेऊन जरा घोटाळले. मग केबिनपर्यंत चालत गेले, मावशींना हाक मारली आणि वाटी त्यांच्यापुढं धरली. "वयनी, तुमीच लावा. काटा तुमी चालवता. वरून लावजा फक्त."

मावशींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मागोमाग आलेल्या सगळ्या माणसांकडे. पुढं झाल्या. पिवळट डब्याच्या टाळक्यावर, बरोबर मधोमध, काका लावायचे त्याच जागी हळद लावली, मग कुंकू. हात जोडले. मग खुर्चीत बसल्या, चष्मा चढवला आणि खिडकीतून बाहेर ओरडल्या, "कोनाची ट्रॉली हाय ते? घ्या, मागं जागा करा!"

बोटाला कुंकू तसंच होतं. ते पदराला पुसायला त्यांनी हात अर्धा वर नेला, थांबल्या, आणि त्याच बोटानं पावतीचं बटण दाबलं.

दर महिन्याला मी त्या काट्यावर जाते. सांधे उघडते, स्पिरिटनं पुसते, पडदे पुसते, कीबोर्डचं एकेक बटण काढून धुते. एक बटण सोडून. त्याच्यावरचा लाल ठिपका आता फिका झालाय, पण आहे.